शाखा तितक्या प्रकृती

शाखा म्हटलं की मुंबईकराला दोनच गोष्टी आठवतात. एक बँकेची आणि दुसरी पक्षाची. पहिलीत पासबुक भरायला जायचं, दुसरीत नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार करायला. आमच्या ग्रुपमध्ये मात्र गेली तीन वर्षं या शब्दाला तिसरा अर्थ आहे. ‘शनिवारी शाखा?’ असा मेसेज पडला की समजायचं, आज पबमध्ये बसायचंय. कुठला पब, हा प्रश्नच नाही. पब एकच. प्रश्न एवढाच की आज शाखा कुठली?

तर दोस्तहो, आमचा छंद असा आहे. एकाच पब चेनच्या सगळ्या शाखा पालथ्या घालायच्या. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी किल्ले सर करतं, आम्ही वहीत शाखांसमोर टिकमार्क करतो. चेनचं नाव मी मुद्दाम सांगत नाहीये. सांगितलं तर संपादक विचारतील, जाहिरात विभागाला कळवलंस का?

हे ऐकल्यावर लोकांची रिअॅक्शन ठरलेली असते. ‘तोच मेन्यू, तीच गाणी, तेच फ्राईज. मग दुसऱ्या शाखेत जाऊन करता काय?’ ऑफिसमधल्या एकाने तर सरळ सांगितलं, ‘म्हणजे तुम्ही एकच पिक्चर वेगवेगळ्या थिएटरमध्ये बघता.’ बरोबर! अगदी तेच करतो. आणि ज्याने एकच पिक्चर सिंगल स्क्रीनला आणि मल्टिप्लेक्सला बघितलाय त्याला ठाऊक असतं, पिक्चर एकच असला तरी थिएटर एक नसतं.

साहेबांच्या देशातली गालिचेमोजणी

हा वेडेपणा आम्ही शोधून काढलेला नाही. इंग्लंडमध्ये त्याची रीतसर परंपरा आहे. तिथे ‘जे. डी. वेदरस्पून’ नावाची पब चेन आहे. १९७९ साली टिम मार्टिन नावाच्या माणसाने उत्तर लंडनमध्ये पहिला पब काढला. आज सगळे मिळून सुमारे ८०० पब आहेत. बिअर स्वस्त, जेवण स्वस्त, सकाळी नाश्तासुद्धा मिळतो. थोडक्यात, आपल्याकडच्या उडप्याला बिअरचं लायसन्स मिळालं तर जे होईल ते.

पण गंमत पुढे आहे. या चेनला जुन्या इमारती घ्यायचा सोस. बंद पडलेलं थिएटर, जुनी बँक, पोस्ट ऑफिस, जे रिकामं दिसेल ते घ्यायचं आणि पब करायचा. टनब्रिज वेल्स गावात तर जुन्या ऑपेरा हाऊसमध्येच पब आहे. बॉक्समध्ये बसून बिअर प्यायची! रॅम्सगेटच्या समुद्रकाठी जुन्या पॅव्हेलियनमध्ये २०१७ साली त्यांनी आपला सगळ्यात मोठा पब उघडला. त्यांच्या पबमधले गालिचेही खास त्या-त्या जागेसाठी डिझाइन केलेले असतात, त्या गावच्या इतिहासावरून. लोकांनी या गालिच्यांचे फोटो काढले, त्यावर २०१६ साली चक्क पुस्तक निघालं. देशभरातले सगळे पब ‘करायचे’ म्हणून वर्षानुवर्षं ट्रेनने हिंडणारे आजी-आजोबा तिकडे आहेत. आपले लोक बारा ज्योतिर्लिंगं करतात, अष्टविनायक करतात. फरक फक्त तीर्थाचा.

आणखी एक उदाहरण आपल्या जवळचं. हार्ड रॉक कॅफे. १९७१ साली दोन अमेरिकन तरुणांनी लंडनमध्ये सुरू केलेली ही चेन जगभर पसरली ती बर्गरपेक्षा टी-शर्टवर. टी-शर्टवर शहराचं नाव असतं, त्यामुळे कुणाचे किती शहरांचे झाले याची स्पर्धा. त्यांच्या पिना जमवणारेही आहेत. २००६ साली वरळीत बॉम्बे डाइंगच्या आवारात हार्ड रॉक आलं तेव्हा ‘मुंबई’ लिहिलेला तो टी-शर्ट घालून कॉलेजात येणं म्हणजे जाम स्टाइल होती. नंतर अंधेरीतही शाखा निघाली. पण तोवर टी-शर्टची क्रेझ ओसरली होती.

देवळालीचा ताप

आता आपल्या मातीतली गोष्ट. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. म्हणजे बाटली बाहेरून आणायची नाही, बिअर तिथेच बनवायची आणि ताजी ताजी ग्लासात ओतायची. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या दोघांनी ती सुरू केली, बिअर बनवायला ऑलिव्हर शॉफ नावाचा जर्मन ब्रुअर. पुढे ही मंडळी मुंबईत आली. अंधेरी, खार, केम्प्स कॉर्नर, कुलाबा अशी टॅपरूम्स उघडली. टेबलावर बोर्डगेम्स, कानठळ्या बसवणारा डीजे नाही, समोर गव्हाची नाहीतर सफरचंदाची काहीतरी ताजी भानगड. अंधेरीतलं त्यांचं टॅपरूम तर लिंक रोडलगतच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. गाळे होते तिथे गप्पांचे अड्डे.

पण मला सगळ्यात आवडतं ते नाव. डूलाली म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, आपलं नाशिकजवळचं देवळाली! ब्रिटिशांच्या काळात तिथे लष्कराचा मोठा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर घरी जाण्यासाठी बोटीची वाट बघत तिथे थांबायचे. बोटी सुटायच्या त्या फक्त थंडीच्या महिन्यांत. बोट चुकली की बसा पुढच्या मोसमापर्यंत. करायला काम नाही, वर ऊन. त्या कंटाळ्याने माणसं चक्रम व्हायची. त्याला इंग्रजी सोल्जरांनी नाव दिलं ‘डूलाली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे नळ नव्हे, आपला ‘ताप’! देवळालीचा ताप. आजही इंग्लंडमध्ये एखाद्याचा स्क्रू ढिला आहे म्हणायचं तर ‘डूलाली’ म्हणतात.

देवळालीचं नाव लंडनला जाऊन वेड लागून परत येतं आणि अंधेरीत बिअर विकतं, हे भन्नाट आहे की नाही? पण या गोष्टीतला खरा मुद्दा वाट बघण्याचा आहे. घरी जायची गाडी मिळेपर्यंत कुठेतरी बसायचं असतं. शुक्रवारी संध्याकाळी सीप्झ नाहीतर साकीनाक्याच्या ऑफिसातून बाहेर पडून ‘आत्ता ट्रॅफिक आहे, तासभर बसू’ म्हणणारा प्रत्येक जण थोडा थोडा देवळालीत अडकलेला सोल्जरच असतो.

लॅपटॉप, बरणी आणि कटिंग

दुसरी चेन म्हणजे ‘सोशल’. रियाझ अमलानी यांच्या इम्प्रेसारिओ कंपनीची. याच कंपनीने २००१ साली चर्चगेटला ‘मोका’ सुरू केलं होतं. कॉफी आणि हुक्का घेऊन तासन्‌तास बसायचं, कुणी उठवणार नाही, ही आयडिया तेव्हाच्या मुंबईत नवी होती. २०१४ साली बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर पहिलं सोशल निघालं. त्याच वर्षी ते कुलाब्यात आलं, मग लोअर परळला टोडी मिलमध्ये, खारला, चेंबूरला.

त्यांचा फंडा असा, की दिवसा ऑफिस, रात्री बार. दिवसभर लॅपटॉप उघडून बसायचं, त्यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि तीच खाण्यापिण्यात वळती करून घ्यायची. आमच्यासारख्या फ्रीलान्सर मंडळींना ही सोय म्हणजे माहेर. लोणच्याच्या बरणीत दारू सर्व्ह करायची शक्कलही त्यांचीच. माझ्या आजीने ती बरणी बघितली असती तर पहिला प्रश्न विचारला असता, ‘आत ओला चमचा नाही ना घातला?’

पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्यांच्या दोन शाखा एकसारख्या नसतात. ज्या एरियात शाखा, त्या एरियाचा रंग तिला द्यायचा, हे त्यांचं धोरणच आहे. वेदरस्पूनचा गालिचा आणि सोशलच्या भिंती एकच गोष्ट सांगतात. चेन असली तरी जागा विसरू नका.

चौघी आणि चार स्टेशनं

आता आमच्याकडे वळते. आम्ही चौघी मास कॉमच्या वर्गातल्या. मी अंधेरीला राहते, बाकीच्या तिघी बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरला. ग्रुपवर आमची नावंही तीच आहेत. ‘बोरिवली लेट होणार’, ‘घाटकोपरने केक आणावा’, ‘मुलुंड कुठे आहे?’ असं चालतं.

कॉलेज सुटलं आणि भेटायचं कुठे हा प्रश्न आला. मुंबईत याचं उत्तर ठरलेलं असतं: टाऊन नाहीतर बांद्रा. लिओपोल्ड १८७१ पासून उभं आहे, मॉन्डेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, म्हणून तिकडे जायचं. पण मुलुंडहून कुलाबा म्हणजे सीएसटीपर्यंत लोकल, पुढे टॅक्सी, आणि हेच सगळं उलट्या दिशेने रात्री. दर प्लॅनला मुलुंड ‘बघते’ म्हणायची. मग नुसता अंगठा टाकायला लागली. मग तोही बंद. भांडण नाही, अबोला नाही. मुंबईत मैत्री अशीच तुटते. माणूस वाईट नसतं, रूट वाईट असतो.

बोरिवली आणि मुलुंड नकाशात बघा. शेजारी शेजारी आहेत! फक्त मध्ये अख्खं नॅशनल पार्क आहे. बिबट्याला जो रस्ता जवळचा तो आपल्याला बंद. माणसाने दादर गाठायचं, पूल चढायचा, वेस्टर्नची सेंट्रल करायची आणि परत तेवढंच वर यायचं.

चित्र बदललं ते मेट्रोने. ८ जून २०१४ ला वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, साधारण २१ मिनिटं. त्याआधी अंधेरी ते घाटकोपर म्हणजे ३४० नंबरची बेस्ट आणि अंधेरी-कुर्ला रोडचा ट्रॅफिक. साकीनाक्याला सिग्नलवर बसून माणूस एम.ए. करू शकला असता. पुढे २०२२ मध्ये २-अ आणि ७ या लाइन्सचा पहिला टप्पा आला, जानेवारी २०२३ मध्ये त्या पूर्ण झाल्या. बोरिवली आमच्या टप्प्यात आली. राष्ट्रीय उद्यान स्टेशनला चढायचं, गुंदवलीला उतरायचं, पुलावरून चालत जाऊन घाटकोपरची मेट्रो पकडायची. घाटकोपरला स्लो लोकल, विक्रोळी, कांजूर, भांडुप, नाहूर आणि मुलुंड. नॅशनल पार्कला वळसा पूर्ण!

आणि मग मी एक दिवस ग्रुपवर लिहिलं, ‘आपल्या चौघींच्याही स्टेशनजवळ या एकाच चेनची शाखा आहे. पाळी लावू या का?’ मुलुंडचं उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘पहिली मुलुंड.’

इथे चेन हीच खरी सोय. वेगवेगळे पब असते तर ‘तिकडचं फूड बोअर आहे’, ‘तिकडे महाग आहे’ अशी कारणं निघाली असती. सगळीकडे मेन्यू तोच आणि किंमतही जवळपास तीच, म्हणजे वाद घालायला फक्त अंतर उरतं. आणि अंतर पाळीने वाटून घेता येतं. टीटीएमएम बिलाचं आम्ही कॉलेजपासून करत होतो. आता प्रवासाचंही करतो. तुझं तू, माझं मी, पण तिकिटासकट.

मेन्यू एक, ऑर्डर चार

तीन वर्षांच्या अभ्यासातून काढलेले निष्कर्ष सांगते.

अंधेरी वेस्टच्या शाखेत प्रत्येक दुसऱ्या टेबलावर स्क्रिप्ट असते. एक जण स्टोरी ऐकवत असतो, दुसरा मान डोलवत असतो आणि एकाच पिचरवर तीन तास निघतात. बिल आलं की दोघेही फोनवर. इथे सगळ्यात जास्त खपतं ते पाणी.

घाटकोपरला टेबलं मोठी लागतात, कारण माणसं फॅमिलीने येतात. काका, काकू, दोन मुलं, एक सून. निम्म्यांच्या हातात मॉकटेल. वेटर ऑर्डर घ्यायच्या आधी विचारतो, ‘रेग्युलर की जैन?’ कांदा-लसणाशिवाय नाचोज कसे करायचे याची पीएचडी इथल्या किचनमध्ये झालेली आहे. आणि खाऊन झाल्यावर मंडळी पुन्हा खाऊ गल्लीत डोसा खायला जातात. पबमधलं खाणं हे त्यांच्या दृष्टीने स्टार्टर.

बोरिवलीत शनिवारपेक्षा रविवारची दुपार जोरात. आय. सी. कॉलनीतली मंडळी चर्च आटोपून येतात, पार्कमधून ट्रेक करून आलेले चिखलाचे बूट घेऊन येतात. संगीत जुनं, आवाज बेताचा. साडेदहाला अर्धी जागा रिकामी, कारण सोमवारी ‘७.५२ पकडायचीय’.

मुलुंडला क्रिकेट. मॅच नसेल तर जुनी मॅच. पाच रस्त्याहून चालत आलेला ऑफिसचा घोळका शर्ट बाहेर काढून बसतो आणि चकण्यावर तुटून पडतो. इथे वेटरला नावाने हाक मारतात, तोही ‘आज बायको माहेरी का?’ असं विचारतो. चेनचा पब आहे हे मुलुंडने मनावर घेतलेलं नाही.

एकाच कंपनीचा एकच फलक, एकच मेन्यूकार्ड. पण बाकी काही बदलत नाही म्हणूनच एरिया इतका स्पष्ट दिसतो. कागद तोच असेल तर शाईचा रंग कळतो.

मुलुंडचे काका

एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात उशिराच आली. स्वतःच्या शाखेत कुणीच मोकळं बसत नाही! मुलुंड अंधेरीत येऊन बिअर मागवते आणि मुलुंडला फ्रेश लाइम सोडा. बोरिवली तिच्या एरियात पाठ दाराकडे करून बसते. घाटकोपर तर तिच्या शाखेत ग्लास नेहमी दुसरीच्या पुढ्यात सरकवून ठेवते.

टाऊनला जाण्याचं एक छुपं कारण हेही होतं. तिथे ओळखणारं कुणी नसतं. आपण पुढारलेले वगैरे आहोत, पगार आपला आहे, वय पंचवीसच्या पुढे आहे, तरीही ‘जोश्यांची मुलगी दिसली होती’ हे वाक्य अजून सोसायटीच्या लिफ्टमधून आपल्या आधी घरी पोचतं. मुलाला हेच वाक्य कुणी ऐकवत नाही. तो दिसला तर ‘मोठा झाला’, ती दिसली तर ‘हाताबाहेर गेली’.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मुलुंडची शाखा. आम्ही चौघी, समोर तीन बिअर आणि एक फ्रेश लाइम. शेजारच्या टेबलावर ऑफिसचा फेअरवेल चाललेला. त्यातले एक गृहस्थ वळले आणि मुलुंडचा चेहरा उतरला. तिच्या मजल्यावरचे काका! गणपतीत आरतीला झांजा वाजवणारे, बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये शिस्तीवर भाषण करणारे. त्यांच्या हातात मग, मिशीला फेस.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काका म्हणाले, ‘अगं, तू इथे?’ ती म्हणाली, ‘काका, तुम्ही इथे?’ मग काही सेकंद दोन्ही टेबलांवर शांतता. शेवटी काकांनी विचारलं, ‘आई-बाबा बरे आहेत ना?’ ती म्हणाली, ‘हो. काकूंचा गुडघा कसा आहे?’ ‘बरा आहे,’ म्हणून काका वळून बसले. थोड्या वेळाने वेटर आमच्या टेबलावर मसाला पापडाची प्लेट ठेवून गेला. ‘त्या सरांनी पाठवलीय.’

घरी कुणी काही बोललं नाही. ना तिच्या, ना त्यांच्या. त्यानंतर आमच्या मुलुंडने पहिल्यांदा स्वतःच्या शाखेत बिअर मागवली. एक पाइंट. तिने तो पूर्णही केला नाही. पण ग्लास स्वतःच्या पुढ्यात ठेवला होता, कुणाकडे न सरकवता. माझ्या वहीत त्या तारखेसमोर दोन टिकमार्क आहेत.

वहीतले पाच रकाने

वही म्हणजे साधी शंभर पानी. प्रत्येक शाखेला पाच रकाने. पहिला, स्टेशनपासून चालत किती मिनिटं आणि रस्त्यावर दिवे आहेत का. दुसरा, लेडीज टॉयलेट. कडी लागते का, खुंटी आहे का, हे मुलींना समजावून सांगायला नको. तिसरा, आवाज. समोरचीचं बोलणं ओठांवरून वाचावं लागत असेल तर शून्य मार्क. चौथा, फ्राईज. आणि पाचवा सगळ्यात महत्त्वाचा, दुसरा दरवाजा.

हा पाचवा रकाना कुठून आला ते मुंबईत कुणाला सांगायला नको. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री लोअर परळच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या दोन पबना आग लागली. १४ जणांचा जीव गेला. त्यातले बरेचसे आपल्याच वयाचे होते. वाढदिवसाला, गेट-टुगेदरला आलेले. काही जण वाचण्यासाठी टॉयलेटकडे धावले आणि तिथेच अडकले. त्यानंतर पालिकेने शहरभर हॉटेलांची बेकायदा बांधकामं पाडली, चौकशा झाल्या. पण आत शिरताना आपणच बघितलेलं बरं. बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे? तो उघडा आहे की त्याच्यासमोर बिअरचे क्रेट रचलेत? आम्ही ऑर्डर देण्याआधी एक जण उठून जाऊन बघून येते. पहिल्यांदा वेटर हसले होते. आता एका शाखेतला मॅनेजर स्वतःच सांगतो, ‘मॅडम, मागचा दरवाजा मोकळा आहे, बघून या.’ एका शाखेत मात्र खरंच तिथे खुर्च्यांची चवड होती. आम्ही पाणी पिऊन बाहेर पडलो. त्या शाखेला आमची टिकमार्क नाही.

शाखाभेटीचे फंडे

तुम्हालाही हा किडा चावला असेल तर काही टिप्स:

• परमिट हा विनोद नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजन्म असे प्रकार आहेत. आपल्या बारना ‘परमिट रूम’ म्हणतात ते त्यामुळेच. वय बिअरसाठी २१ आणि हार्ड ड्रिंक्ससाठी २५. ओळखपत्र जवळ ठेवा.

• बजेट आधी ठरवा. नोव्हेंबर २०२३ पासून बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये करवाढीविरोधात बारवाल्यांनी १४ जुलैला एक दिवस बंदही पाळला होता. म्हणजे मेन्यूकार्डवरची किंमत आणि बिलातली किंमत यांची गाठ पडत नाही. हॅपी अवर्स गाठा आणि बिल वाचा.

• गाडी घरी ठेवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आमचा छंद मुळात मेट्रोवर उभा आहे, ही त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट.

• शेवटच्या गाडीची वेळ पहिल्या ऑर्डरच्या आधी बघा. चौघींपैकी जिचं घर सगळ्यात लांब, तिचं घड्याळ सगळ्यांचं घड्याळ.

• न पिणाऱ्यांनाही शाखाभेट पूर्ण मान्य आहे. फ्रेश लाइम सोडाला अर्धा टिकमार्क वगैरे प्रकार आमच्याकडे नाहीत.

यादी संपत नाही, हेच बरं

चेनच्या बाबतीत एक गोष्ट गृहीत धरायची. यादी कधीच पूर्ण होत नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारू १ एप्रिलपासून बंद झाली होती, तेव्हा हायवेलगतच्या कितीतरी जागा महिनोन्‌महिने कोरड्या पडल्या. त्याच वर्षी पुढे शहरांच्या हद्दीतल्या रस्त्यांना सूट मिळाली, पण सगळेच परत उभे राहिले नाहीत. २०२० च्या लॉकडाऊनने आणखी कितीतरी शटर कायमची खाली ओढली. वेदरस्पूनवाले आजी-आजोबाही याच चक्रात आहेत. इकडे दहा पब करून येईपर्यंत तिकडे पाच विकले जातात आणि तीन नवे उघडतात.

आमच्या यादीतली बोरिवलीची शाखाही दोन महिन्यांपूर्वी बंद झाली. जागेचं भाडं परवडेना म्हणे. बोरिवली हळहळली, मग तिने ग्रुपवर प्रश्न टाकला, ‘बंद झालेली शाखा मोजायची की नाही?’ यावर आमचा दीड दिवस वाद झाला. घाटकोपरचं म्हणणं, यादीतून काढा, नाहीतर हिशेब चुकतो. माझं म्हणणं, जिथे आपण बसलो ती जागा मोजायचीच, शटर खाली असलं म्हणून संध्याकाळ रद्द होत नाही. निकाल मुलुंडने लावला. ‘शाखा बंद झाली, पाळी बंद होत नाही. बोरिवलीची पाळी बोरिवलीलाच.’

मग तिथे दुसरी चेन शोधली. म्हणजे नवी वही, नवे पाच रकाने. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत जाते आणि मरोळ नाक्याला आमच्या लाइनला भेटते. त्यामुळे ज्या टाऊनवरून सगळं सुरू झालं, तेही आता एक शाखा म्हणून यादीत घ्यायला हरकत नाही. मुलुंडलाच अजून मेट्रो नाही, डोक्यावर नुसते मेट्रो-४ चे खांब आहेत. ती सुरू झाली की पहिली बिअर तिच्यातर्फे, असं तिने लिहून दिलंय. वहीत सही आहे.

तेव्हा मंडळी, तुमच्याही ग्रुपमध्ये एखादी ‘बघते’ म्हणणारी मुलुंड असेल. तिला टाऊनला बोलवू नका. तिचं स्टेशन विचारा, आणि पहिली शाखा तिथली धरा.